जोत्याचा दाखला

बेलापूर, तिसरा मजला, खिडकी क्रमांक सहा.
घरतसाहेब फाईल मागून पुढे चाळतात,
"पाठारे मॅडम, भिंती झाल्या म्हणता,
मग जोतं कुठंय?"

जोतं अजून व्हायचंय.
भिंती तळोज्यात आहेत, फॅक्टरीच्या आवारात,
खोलीवर खोली, तीन-तीनची उतरंड.
मोरीला टाइल, नळाला तोटी,
पंख्याचा हूक, चटईएवढी बाल्कनी.
खाली जमीन तेवढी नाही.

अर्जातले रकाने जुन्या गवंड्यासारखे चालतात,
आधी जोतं, मग भिंत, मग छप्पर.
आमचं छप्पर फेब्रुवारीतच झालं.
फेब्रुवारी लिहिलं की संगणक लाल होतो.

"ट्रेलरवर चढतं म्हणजे वाहन झालं,"
साहेब डोकं खाजवत म्हणतात,
"आरटीओला विचारून बघा."
आरटीओ म्हणालं, हा तर माल.
मालाला भोगवटा प्रमाणपत्र कोण देणार,
असं विचारल्यावर तिथला माणूस
चहा प्यायला गेला तो गेलाच.

उलव्याचा भूखंड साडेबारा टक्क्यांतला,
हिराजी मोकलांच्या नावे,
त्यांच्या पश्चात नऊ वारस.
पेझारीची चांगुणाआत्या साठीत सही शिकली,
झोकदार करते, खाली दोन टिंबं देऊन.
पण जुन्या कागदावर तिचा अंगठा आहे,
म्हणून अंगठाच हवा.
शाई पुसत म्हणाली, "शिकले ते फुकटच गो."

भूखंडाचा आग्नेय कोपरा
कांदळवनापासून एकोणपन्नास मीटर की एक्कावन्न
यासाठी दोनदा मोजणी.
पहिल्या वेळी चुन्याची रेघ मारली, रात्री उधाण आलं.
सकाळी रेघेच्या जागी चिखल,
चिखलात निवटे उड्या मारत होते,
आमच्या बाजूलाही, त्यांच्या बाजूलाही.

अग्निशमन, वृक्ष, पाणी, विमानतळाची उंची,
अकरा ना हरकती जमल्या.
कुणाचीच हरकत नाही
आणि खोली तसूभर हलत नाही.

शेवटी साहेब स्वतः तळोज्याला आले,
नोव्हेंबरात, रुमालाने नाक दाबून.
टेप लावून पाहिली, भिंतीवर टकटक केली,
जिन्याजवळच्या सतरा नंबरात गेले
आणि बाहेरच येईनात.

आत वॉचमन बिभीषण ओव्हाळांची समीक्षा
फरशीवर पालथी पडून भागाकार करत होती.
कोपऱ्यात डबा, पाण्याची बाटली, दप्तर.
माझ्या पोटात गोळा,
दाखल्याआधीच भोगवटा!
दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या तीन रेघा,
एप्रिल, जुलै, दिवाळी.
तिसरी पहिलीपेक्षा दोन बोटं वर.

साहेबांनी टेप लावली. सवयच ती.
"एकशे एकोणतीस," म्हणाले,
मग तिला, "कितवीत?"
"चौथीत."
बिभीषण टोपी काढून उभे, कुणी काही बोलेना.
बाहेर केमिकलचा टँकर मागे घेत होते,
त्याची पिपाणी वाजत राहिली.

पाहणी अहवालात त्यांनी लिहिलं,
"जागेवर जोते आढळून आले नाही."
पेन थांबलं. टोपण लावलं. परत काढलं.
"भिंती ओळंब्यात आहेत."
चौकटीबद्दल एक अक्षर नाही.
फाईल आता पाचव्या मजल्यावर आहे.

निघताना समीक्षाने मला गाठलं.
"मॅडम, खोली नेताना दारपण नेणार?"
"दारासकट जाते, बाळ."
ती जरा विचार करून म्हणाली,
"म्हणजे माझी उंची उलव्याला जाणार."

मी डायरीत नोंद केली,
खोली सतरा, चौकट, डावी बाजू, पुन्हा रंग देऊ नये.
हा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा
ते घरतसाहेबांना विचारायचं राहिलंय.